हाकेला ओ

"ताई, ही अशी गप्प राहिली तर लोक आपल्याला हाणतील," शिडीवरून कृष्णातदादा म्हणाले. "देखावा म्हटलं की सारखं कायतरी लुकलुकाय पायजे."

"पण ती खरोखर गप्पच असते, दादा. कुणी हाक मारल्याशिवाय बोलत नाही."

त्यांचे हात थांबले. दातांत धरलेला वायरचा तुकडा त्यांनी काढला आणि वाकून माझ्याकडे बघितलं.

"हाक कोण मारतं तिला?"

मला वाटलं, प्रश्न वायरिंगचा आहे. म्हणून मी वायरिंगचंच उत्तर दिलं. म्हटलं, तिला बारीकसा करंट देतात, मग ती ओ देते. नाही दिला तर नुसती बसून राहते. तुकडा पुन्हा दातांत धरून ते कामाला लागले, पण उरलेली दुपारभर बांबूची एकच कामटी बांधत होते आणि सोडत होते.

गोष्ट बरीच जुनी आहे. गडहिंग्लजला माझ्या मामाच्या गल्लीत गणपतीचा मांडव उभारला होता आणि मांडवावर निळी ताडपत्री होती. दुपारचं ऊन तिच्यातून गाळून आत आलं की सगळंच निळं व्हायचं. बांबू निळे, शिडी निळी, चहाचे कप निळे, आपलेच हात परक्याचे वाटावेत इतके निळे. बाहेर रिक्षांचा आणि भांड्यांच्या ठोकाठोकीचा आवाज चालू असायचा, पण आत आला की तोही ओला होऊन यायचा. विहिरीच्या तळाशी बसलं तर असंच वाटत असेल. मला तिथे झोपही लागायची नाही आणि धड जागंही राहता यायचं नाही. वर छताला ती टांगलेली होती. बांबूच्या कामट्या तारेने बांधून केलेलं घागरीएवढं अंग, त्यातून वर गेलेला एक जाड फांटा, शेंड्याला फुटलेला, आणि खाली मुळांसारखा झुपका. मेंदूतली एक पेशी, मांडवाच्या मापाने वाढवलेली.

तेव्हा मी पुण्यात एका संस्थेत नोकरी करत होते. जगभरातल्या प्रयोगशाळांनी मेंदूच्या पेशींची माहिती इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी करून ठेवली होती. कुणीही यावं, एकेक पेशी उघडावी, बोटाने गोल फिरवून बघावी, तिच्या विजेची नोंद बघावी. पासवर्ड नाही, परवानगी नाही, काही नाही. अडचण एवढीच होती की येत कुणी नव्हतं. लोकांना तिथवर आणायचं, हे माझं काम. त्यासाठी मी शाळांत बोलले, वाचनालयांत बोलले, एकदा तर हळदीकुंकवात बोलले. तिथे एका बाईंनी सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि विचारलं, "ते सगळं खरं, पण तुझं कुठे जमतंय का?" त्या वर्षातला तो सगळ्यात उत्साहाचा प्रतिसाद होता.

अशात बसाप्पामामाचा फोन आला. मामाचं भांड्यांचं दुकान होतं, पण श्रावण लागला की तो दुकानदार राहायचा नाही, मंडळाचा अध्यक्ष व्हायचा.

"वृषा, देखाव्याला विषय दे," तो म्हणाला. "पुढच्या गल्लीतले केदारनाथ करायलेत. खरा बर्फ आणणार हायत म्हणं. मला असं कायतरी दे, जे गावानं बघितलंच न्हाई."

असं माझ्याजवळ एकच होतं. रजा टाकून, लॅपटॉप घेऊन मी गडहिंग्लजला आले. मामाला पेशी दाखवल्या. त्याला त्यातलं फारसं काही कळलं नाही, पण एक पेशी उंदराची आहे म्हटल्यावर तो खुर्चीतून उठलाच.

"उंदराची? अगं, मग आधी सांगायचं की! गणपतीच्या मांडवात उंदराचा मेंदू! हीच. हीच करायची."

अशी ती उंदराची पेशी वर टांगली गेली. मामाने तिच्यासाठी निवेदनही स्वतःच लिहिलं होतं, 'हे मानवा, ऐक! मी तुझी पेशी बोलते आहे!' असं सुरू होणारं. ते ज्याच्या आवाजात रेकॉर्ड केलं तो गेली कित्येक वर्षं गावात राक्षसांचे आवाज द्यायचा. पेशी उंदराची असून मानवाला 'तुझी' कशी म्हणते, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कृष्णात मगदूम म्हणजे मंडळाचे वायरमन. चाळिशीचे, अंगाने किरकोळ, डोक्यावर कायम एक विटकी क्रिकेटची टोपी. मांडवात आम्ही दोघंच असायचो. मी खाली लॅपटॉपवर बघून सांगायची, फांटा डावीकडे, अजून थोडा, आता खाली, आणि ते वर कामटी वाकवायचे. बोलणं फारसं नव्हतं, पण ते गप्प असणं मला आवडायचं.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "ताई, माणसाच्या पण असत्यात काय ह्यात?"

"असतात की."

"माणसाच्या कुठनं आणत्यात?"

मी सांगितलं. कुणाच्या डोक्याचं ऑपरेशन होतं, आतला थोडा भाग काढावा लागतो. तो फेकूनच द्यायचा असतो. पण पेशंटने होकार दिला, तर त्यातला चिमूटभर तुकडा तसाच प्रयोगशाळेत पळवतात. मिठाच्या पाण्यात ठेवतात, त्यात प्राणवायू सोडतात, आणि तो तुकडा काही तास जिवंत राहतो. मग केसाहून बारीक काचेची नळी एका पेशीला टेकवून तिला करंट देतात. ती काय म्हणते ते लिहून घेतात. तिचं चित्र काढतात आणि मग ती सगळ्यांसाठी ठेवून देतात.

"काढल्यावर पण जित्ती असती?"

"थोडा वेळ."

"आणि बोलती?"

"हाक मारली तर."

कृष्णातदादांनी टोपी काढली, पुन्हा घातली. तेवढ्यात मला त्यांच्या डाव्या कानावरून वर गेलेली पांढरट रेघ दिसली, केसांत शिरलेली. मी विचारलं नाही. निळ्या उजेडात माणूस काहीही बघितल्यासारखं वाटून घेतो.

दुपारी त्यांची बायको, रंजनावहिनी, डबा घेऊन आल्या. कृष्णातदादा हात धुवायला नळावर गेले तशा त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि मला पडद्यामागे नेलं. तिथे गणपतीचं रिकामं सिंहासन ठेवलं होतं. पदराच्या गाठीतून त्यांनी एक पत्र्याची डबी काढली, चिकटपट्टीची गुंडाळी येते तसली, आणि झाकण उघडलं. आत पांढऱ्या गोळ्या भरल्या होत्या.

"त्यांच्या हत्याराच्या पिशवीत घावली आज. मी रोज हातावर गोळी देते, पाणी देते, माझ्यासमोर तोंडात टाकत्यात. आणि नंतर ह्यात." त्यांनी डबी खडखडवली. "फिट यायची त्यांना, ताई. सतरा वर्षांचे असल्यापासनं. तीन वर्षांमागं मुंबईला डोक्याचं ऑपरेशन केलं, तवापासनं एक न्हाई. पण डॉक्टरांनी सांगितलंय, गोळी बंद करायची न्हाई. आणि हा माणूस गोळ्या साठवून शिडीवर चढायलाय!"

मी पडद्याआडून शिडीकडे बघितलं. मांडवाची उंची काही फार नव्हती, पण खाली फरशी होती.

"मामाला सांगूया," मी म्हटलं.

"नको! तुमच्या मामांस्नी कळलं की त्यांना आधी खाली उतरवतील. आणि मग गावभर हुईल. फिट येणाऱ्या वायरमनला कोण बोलवंल घरात? ऑपरेशन झालं ते पण आमी कुणाला सांगितलं न्हाई. माझ्या माहेराला गेलोय म्हणून सांगितलं." त्यांनी डबी पुन्हा गाठीत बांधली. "मी इचारलं तर 'बघू' म्हणत्यात. तुमचं ऐकतील. दोन दिवस घरात नुसतं तुमचंच चाललंय, ताई असं म्हणल्या, ताई तसं म्हणल्या. तुमी इचारा."

मी कोण विचारणारी? त्यांच्याहून कितीतरी लहान, चार दिवसांची पाहुणी. पण वहिनींनी पुन्हा माझा दंड धरला होता.

त्या गेल्यावर मी जाऊन शिडीपाशी उभी राहिले. कृष्णातदादा पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, तोच मी शिडी धरली.

"गोळ्या का नाही घेत, दादा?"

त्यांनी पाय खाली घेतला. चिडतील असं वाटलं होतं. पण ते तिथेच, बांबूला टेकून, जमिनीवर बसले आणि वर त्या पेशीकडे बघत राहिले.

"रंजीनं सांगितलं व्हय," ते म्हणाले. ताडपत्रीवरून एक ढग गेला असावा. आतलं निळं गडद झालं, पुन्हा फिकं झालं.

"फिट यायच्या आदी मला वास यायचा, ताई. गुळाचा. आमच्या वडलांचं गुऱ्हाळ होतं नदीकडंला. काहिलीत रस उकळायला लागला की वाफच वाफ, हातभर अंतरावरचं दिसायचं न्हाई. फिट यायच्या आदी मी तिथं असायचो. आठवायचं न्हवं, असायचोच. पायाला उसाची चिपाडं टोचायची. आणि वाफंच्या पलीकडनं आक्का हाक मारायची. किस्नाऽ, ए किस्नाऽ."

त्यांनी ती हाक अगदी हळू मारली. तरी मी मागे वळून बघितलं.

"आक्का म्हणजे?"

"थोरली भण. मला तिनंच वाढिवलं. तिचं लगीन झालं, बेळगावाकडं दिली. निघायच्या टायमाला मला शोधत होती. मी रुसून चिपाडाच्या गंजीत लपलो होतो. मला टाकून चालली म्हणून राग. हाका मारून मारून दमली, जीप हॉर्न वाजवायला लागली, मग गेली. मी बघत होतो फटीतनं. ओ दिली न्हाई." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पयल्या बाळंतपणात गेली ती. परत काय भेट न्हाई."

मी शिडी धरूनच उभी होते.

"तर फिटंच्या आदी ती हाक मारायची. दर बारीला. मी तोंड उघडायचो ओ द्यायला, आणि तेवढ्यात खाली. शुद्धीवर आलो की जीभ चावलेली, माणसं गोळा झालेली. तवा वाटायचं, एक घटका अजून मिळाली असती तर दिली असती. वीस वर्षं असंच. मग ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हटला, जागा सापडली, काढून टाकली. आणि हाक बंद झाली, ताई. वास बी न्हाई. बरं वाटलं म्हणायचं सगळ्यांनी. मला नुसतं रिकामं रिकामं वाटायचं, घरातलं कुणीतरी गेल्यागत. म्हटलं, गोळ्या सोडल्या तर येती का बघावं. एकदाच. ओ द्यायपुरती."

आज मागे वळून बघताना मला बरीच शहाणी वाक्यं सुचतात. त्या दुपारी माझा जीव नुसता तुटत होता आणि भीतीही वाटत होती. मी म्हटलं, "दादा, खाली पडलात तर वहिनींनी कुणाला हाक मारायची?"

मांडीवरची टोपी उलटीपालटी करत ते म्हणाले, "त्या डॉक्टरनं मला पण इचारलं होतं. काढलेलं अभ्यासाला देऊ का म्हणून. मी म्हटलं, द्या, मला काय करायचंय त्याचं." आणि मग, मान वर न करता, "माझी असंल काय ह्यात?"

म्हणजे कालपासून ते हे विचारत होते. मी लॅपटॉप त्यांच्या शेजारी जमिनीवर ठेवला आणि बसले. पुरुष, ऑपरेशनच्या वेळी अडतीस वर्षं, डावी बाजू, कानशिलामागचा भाग. एवढं भरून शोधलं. मोजक्या पेशी समोर आल्या.

"एक ऐका," मी म्हटलं. "ह्यांत नावं नसतात. गाव नसतं. मुद्दामच ठेवत नाहीत. तुमचा तुकडा यांत असेल, नसेलही. मला कळायला मार्ग नाही, आणि मी थापा मारणार नाही."

"नका मारू."

"आणि एका पेशीत आक्का नसते, दादा. एका पेशीत कुणीच मावत नाही."

"मग कशात असती?"

"अजून कुणाला माहीत नाही. म्हणून तर सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय."

त्यांनी एकेक पेशी फिरवून बघितली. त्यांचं खरखरीत बोट काचेवर फिरायचं आणि काळ्या पडद्यावर ते झाड हळूहळू वळायचं, पाठ दाखवायचं, पुन्हा समोर यायचं. माझंही भान गेलं होतं. बाहेर मामा कुणावर तरी ओरडत होता, ते फार लांबून ऐकू येत होतं. एका पेशीवर ते थांबले. तिचा वरचा फांटा शेंड्याजवळ एका अंगाला वळला होता, कुणीतरी मागनं बोलावल्यावर माणूस मान वळवतो तसा.

"ही," ते म्हणाले.

"तुमची वाटते?"

"तसं न्हाई. पण ही करूया."

मामाने मांडवात पाऊल टाकलं तेव्हा उंदराच्या पेशीचे सगळे फांटे सोडवून खाली ठेवलेले होते.

"अरं कृष्णात! परवा गणपती बसायचाय आणि तू सोडायलायस?"

"मामा, उंदराची नको," मी मध्ये पडले. "माणसाची करूया. मग निवेदनही जुळतं. हे मानवा, मी तुझी पेशी."

मामा विचारात पडला. निवेदनाचा मुद्दा त्याला पटला, कारण ते त्याचं स्वतःचं होतं. जाता जाता त्याने एवढंच बजावलं की बल्ब सगळे पेटले पाहिजेत आणि सतत पेटले पाहिजेत. त्यावर कृष्णातदादा शांतपणे म्हणाले, "न्हाई. बटण दाबलं की पेटणार. दारावरची बेल असती तसलं बटण. लोकांनी दाबायचं. तवर गप्प."

"आणि कुणी दाबलंच न्हाई तर?"

"बेलचं बटण दिसलं आणि कुणी दाबलं न्हाई, असं गडहिंग्लजात झालंय कधी?"

मामाने खिशातून बटणाचे पैसे काढून दिले.

पुढचं सगळं काम मी शिडी धरून करून घेतलं. कृष्णातदादांनी खांबावर चढायचा पट्टा कमरेला बांधला, बांबूला अडकवला. तेवढं त्यांनी ऐकलं. वहिनींनी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी खूप झापलं आणि मग गोळी आजपासून पुन्हा सुरू करा म्हणून सांगितलं. संध्याकाळी वहिनी डबी आणि पाणी घेऊन आल्या. कृष्णातदादा शिडीवरून म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी पुन्हा "बघू". मी मामाला सांगण्याची धमकी दिली. ते म्हणाले, सांगा, पण देखावा झाल्यावर सांगा. मी खालून त्यांचे पाय बघत राहायची. पायाची बोटं जरा जरी आवळली गेली तरी मी शिडी आणखी घट्ट धरायची. मान इतकी दुखायची की झोपेतही मला वरती तेच दिसायचं, वळलेला फांटा आणि दोन अनवाणी पाय.

मधल्या वेळात मी त्या पेशीच्या नोंदीचा आवाज करून ठेवला. वीज कागदावर नागमोडी रेघ दिसते, पण स्पीकरला जोडली की तिचा टकटक आवाज होतो. मामाने तो ऐकला आणि तोंड वाकडं केलं. "हे म्हणजे पाल चुकचुकल्यागत वाटतंय," तो म्हणाला. पण स्पीकर जोडू दिला.

गणपती बसले. संध्याकाळी देखाव्याचं उद्घाटन होतं. गल्ली माणसांनी भरली होती. केदारनाथचा बर्फ दुपारीच वितळला म्हणून तिकडची गर्दीही आमच्याकडे आली होती आणि मामाच्या चेहऱ्यावर त्याचा आनंद मावत नव्हता. पाहुणे म्हणून एक निवृत्त हेडमास्तर बोलावले होते. त्यांच्या गळ्यात हार पडला, हातात पेढा आला, आणि मामाने माइक घेतला. तेवढ्यात कृष्णातदादा गर्दीतून पुढे आले.

"बसाप्पाअण्णा, एक मागतो. पयलं बटण रंजीला दाबू दे."

"अरं, पाहुणे बसलेत की!" मामा माइकमध्येच बोलला. ते सगळ्या गल्लीने ऐकलं.

हेडमास्तरांच्या तोंडात पेढा होता. त्यांनी हातानेच, दाबू दे, दाबू दे, अशी खूण केली. रंजनावहिनी लाजून मागे सरत होत्या; मी त्यांना पुढे ढकललं. कृष्णातदादा पेशीच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले. टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती, आणि त्या डाव्या बाजूची रेघ सगळ्यांना दिसत होती. त्यांना त्याची पर्वा नव्हती. मांडवातले दिवे मालवले. ताडपत्रीतून संध्याकाळचा शेवटचा उजेड येत होता, निळाही नाही आणि काळाही नाही असा.

वहिनींनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. खऱ्या नोंदीतही हाक आणि ओ यांच्यामध्ये एवढीशी जागा असते. आवाज लोकांना ऐकू जावा म्हणून सगळी नोंदच मी सावकाश केली होती, तशी ती जागाही लांबली होती. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "बंद हाय वाटतं." मामा माझ्याकडे जळजळीत बघत होता. मी कृष्णातदादांकडे बघत होते. ते डोळे मिटून, मान एका अंगाला वळवून उभे होते, आणि एक क्षण मला खात्री वाटली की आता ते पडणार. मी पुढे धावलेच.

मग स्पीकरमधून आलं, टक्. आणि पुन्हा, टक्, टक्, टक्. घागरीएवढं अंग पिवळं उजळलं, उजेड फांट्यातून वर चढत गेला, शेंड्यापाशी वळला आणि सगळ्या फांद्यांतून पसरला. खाली उभ्या माणसाचं तोंड उजेडाने भरून गेलं.

"ओऽऽ!" कृष्णातदादा ओरडले. "आलो, आक्का! हितंच हाय मी!"

सगळी गल्ली हसली. लोकांना तो देखाव्याचाच भाग वाटला. कुणी शिट्टी मारली, कुणी टाळ्या वाजवल्या. कृष्णातदादा हसत नव्हते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पडले नाहीत. चालत वहिनींपाशी आले आणि त्यांनी तळहात पुढे केला.

वहिनींना गाठ सुटेना. मी सोडवून दिली. डबीतली एक गोळी त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवली. त्याने ती तोंडात टाकली, मंडळाच्या जारमधलं पाणी प्यायलं आणि तोंड उघडून दाखवलं, शाळेतल्या पोरासारखं. वहिनींनी खरंच वाकून बघितलं.

"ती तुमची असेलच असं नाही, दादा," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. खोटेपणाचं पाप नको म्हणून असेल.

"तुमी सांगितलंय की. कुणाची का असंना, ताई. हाक आली, तिनं ओ दिली. तिच्याबरोबर माझी पण जाऊ दे म्हटलं."

त्यानंतर गणपती होते तोवर गल्लीत नवीनच रीत पडली. माणूस यायचा, बटण दाबायचा, पेशी टकटकायची, आणि खाली उभी असतील तेवढी सगळी माणसं मोठ्याने "ओऽ" म्हणायची. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी तसं झालं होतं, एवढंच. म्हाताऱ्या बायका बटणाला हळदकुंकू लावून जायच्या. मी शेजारी लॅपटॉप मांडून बसले होते. लोक 'ओ' देऊन झाल्यावर माझ्याकडे वळायचे आणि विचारायचे, अजून दाखवा, बाईची दाखवा, म्हाताऱ्या माणसाची दाखवा. वर्षभरात मी जेवढी माणसं त्या पेशींपाशी आणू शकले नव्हते तेवढी एकेका संध्याकाळी येत होती. मामाला देखाव्यांच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. त्याने परीक्षकांना शास्त्रातलं काही कळत नाही असं जाहीर केलं. राक्षसाच्या आवाजातलं निवेदन मात्र वाजलंच नाही. लोक तेवढं थांबतच नव्हते.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी मी पुण्याला निघाले होते. बॅग खांद्यावर घेऊनच मांडवात गेले. ताडपत्री अजून काढलेली नव्हती. गणपती आरतीची वाट बघत बसले होते, आणि कृष्णातदादा शिडीवर चढून पेशी सोडवत होते. मी बॅग खाली ठेवली आणि सवयीने शिडी धरली.

"गोळी?" मी विचारलं.

"घेतली. रंजी तोंडात बॅटरी मारून बघती आता."

त्यांनी वळलेला फांटा अलगद सोडवला आणि माझ्या हातात दिला. तो वजनाने काहीच नव्हता. बाकीच्या कामट्या पुढच्या वर्षी कामाला येतील, पण हा स्वतःच्या घरी नेणार, असं ते म्हणाले.

मला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. शेवटी विचारलं. "आक्का परत नाही ना आल्या, दादा? हाक मारायला?"

ते हसले. त्या सगळ्या दिवसांत मी त्यांना प्रथमच हसताना बघत होते.

"आता कशाला मारंल? ओ मिळाल्यावर कुणी परत हाक मारतंय व्हय?"

मी फांटा हातात घेऊन उभी राहिले. वरून त्यांचा आवाज आला.

"शिडी सोडा आता, ताई. तुमची गाडी चुकंल. मी पडत न्हाई."